क्लाऊनफिशची जोडी: घरच्या खाऱ्या टँकमध्ये कशी लावावी, कशी टिकवावी

दुकानात जाऊन "निमोची जोडी द्या" म्हटलं की दुकानदार टँकमधले दोन टपोरे, एकसारखे मासे जाळीने उचलतो आणि पिशवीत घालून देतो. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं, कारण जोडी म्हणजे दोघं सारखे दिसायला हवेत असा आपला समज. क्लाऊनफिशच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. पूर्ण वाढलेले, सारख्या आकाराचे दोन मासे शंभर लिटरच्या टँकमध्ये सोडलेत तर बहुतेक वेळा ते भांडतात, आणि दोन्ही माद्या निघाल्या तर एक मरेपर्यंत भांडतात. जोडी हवी असेल तर एक मोठा आणि एक लहान घ्यायचा. पुढे जे काही सांगतोय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीवर उभं आहे.

यामागचं कारण असं. क्लाऊनफिशचं पिल्लू नर किंवा मादी म्हणून जन्माला येत नाही. वयात येताना तो आधी नर होतो, आणि आसपासच्या माशांत जो सगळ्यात मोठा आणि वरचढ असेल तोच पुढे मादी होतो. मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. समुद्रात एका ॲनिमोनमध्ये (तळाला चिकटून राहणारा, डंख मारणाऱ्या बोटांचा प्राणी, क्लाऊनफिशचं घर) पाच-सहा मासे राहत असतील तर सगळ्यात मोठी ती मादी, दोन नंबरचा तो तिचा नर, आणि बाकीचे वयात न येता रांगेत थांबलेले. मादी गेली की नर मादी होतो आणि रांगेतला पहिला नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. पुढे २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या माशांवरून आणखी एक गोष्ट दाखवली: खालच्या नंबरचा मासा आपली वाढच आवरून धरतो, म्हणजे वरच्याला त्याच्यापासून धोका वाटत नाही. प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा लहान राहतो. आपल्या टँकमधल्या दोन माशांच्या डोक्यातही हाच हिशेब चालू असतो.

कोणता क्लाऊनफिश घ्यावा

पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्याने ऑसेलॅरिस घ्यावा, दुसरा विचार करू नये. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला, सगळ्यांना ओळखीचा मासा तो हाच. आपल्याकडे अंदमानच्या समुद्रात तो सापडतो. दुकानात त्याला पुष्कळदा परक्युला म्हणून विकतात. खरा परक्युला ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यापासून न्यू गिनी, सॉलोमन बेटांपर्यंतचा. त्याच्या पट्ट्यांच्या काळ्या कडा सहसा जाड असतात आणि डोळ्याचं कडं भडक नारिंगी असतं. दोघांची निगा सारखीच, त्यामुळे नावात फसवणूक झाली तरी माशाचं काही बिघडत नाही, फक्त तुमचे पैसे जास्त जातात. क्लार्कआय आणि सेबी या क्लाऊनच्याच दुसऱ्या जाती काटक असतात, पण वाढतात मोठे आणि जागेवरून तंटा करतात. मरून क्लाऊन दिसायला राजबिंडा असतो, पण त्याची मादी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि नराला जिवे मारायला मागेपुढे पाहत नाही. पहिल्या टँकमध्ये तो नको. स्नोफ्लेक, ब्लॅक आइस वगैरे पट्ट्यांची नक्षी बदललेले महागडे प्रकार म्हणजे हॅचरीत (माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात) निवडून वाढवलेले ऑसेलॅरिसच. हौस असेल तर घ्या.

मासा हॅचरीत वाढलेला असावा, समुद्रातून धरलेला नसावा, याबद्दल मी हटून बसतो. धरलेला मासा प्रवासाने खचलेला येतो, रोग घेऊन येतो आणि दाणे (माशांचं कोरडं खाद्य) खायला शिकेपर्यंत अर्धा होतो. हॅचरीतला पहिल्या दिवसापासून दाणे खातो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची हॅचरी उभी राहिली. तेव्हा दुकानदाराला "हॅचरीचा आहे का?" हे विचारायला संकोच नको. आणि विचारून झालं की माझ्यासमोर खायला घाला म्हणावं. दाण्यांवर तुटून पडणारा, पंख ताठ उघडे ठेवणारा, श्वास संथ असलेला मासा घ्यायचा. एका कोपऱ्यात पृष्ठभागाशी धापा टाकणारा, अंगावर पांढरट बुळबुळीत पापुद्रा असलेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच टँकमधले बाकीचे मासेही नकोत, कारण पाणी एकच आहे.

आधी पाणी, मग मासा

ऑसेलॅरिसच्या एका जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक छान पुरतो. हिशेबाने १२७ लिटर, पण वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता हातात राहतात शंभरेक. यापेक्षा लहान टँकमध्ये मासे जगतात, पण पाणी लवकर बिघडतं आणि भांडण झालं तर हरलेल्याला पळायला जागा उरत नाही. वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून टेबल-कपाटावर न ठेवता लोखंडी स्टँडवर, भिंतीलगत आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा.

सामान फार लागत नाही: मागे लावायचा किंवा खालच्या सम्पमधला (टँकखालच्या जोडटाकीतला) फिल्टर, शक्य असेल तर प्रोटीन स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), एक वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप), लिटरमागे एक वॉट या हिशेबाने हीटर, साधा एलईडी दिवा, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट मोजायचे किट आणि खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. खारेपणा मोजायला काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर मिळतो, पण त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये नको.

दगडाबद्दल एक सावधगिरी. 'लाइव्ह रॉक' म्हणून आपल्या समुद्रातून खणून काढलेले प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर घेऊ नका. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्याच रांगेत. कृत्रिम सिरॅमिक दगड घ्यावेत. जिवाणू तिथेही वस्ती करतात, फक्त चार आठवडे जास्त लागतात. तळाला अरागोनाइट वाळू पातळ पसरा. नदीची वाळू नको.

पाणी कसलं वापरायचं, यावर निम्मं यश आहे. घरच्या आरओ मशीनमधलं पाणी चालतं का, असं प्रत्येक जण विचारतो. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळतात, त्यामुळे बाहेर पडताना टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पन्नासच्या वर असू शकतो. टीडीएस मीटर घेऊन मोजा. मिसळणारा व्हॉल्व्ह बंद करता आला आणि पुढे उरलेले क्षार शोषणारा एक डीआय रेझिनचा डबा जोडला, तर शून्याजवळ येता येतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट वापरलं तर शेवाळ तुमच्या आधी टँकमध्ये राहायला येईल. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा विचारही नको: सांडपाणी, तेल, आणि पावसाळ्यात नदीनाल्यांच्या लोंढ्याने उतरलेला खारेपणा. कोकणातल्या स्वच्छ किनाऱ्यावरचं पाणी आणणारे लोक आहेत, पण वर्षभर ते एकसारखं मिळत नाही. सॉल्ट मिक्सची बादली महाग वाटते, तरी शेवटी तीच स्वस्त पडते.

मीठ लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. ड्रमात आधी पाणी, मग हळूहळू मीठ. उलट केलं तर तळाशी चुन्याचा पांढरा साका बसतो. छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या. सकाळी खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६ च्या आसपास भरला पाहिजे. तापमान २५ ते २७ अंश, पीएच ८.० ते ८.४.

आता सायकल. नव्या टँकमध्ये माशाची घाण पचवणारे, म्हणजे तिच्यातला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू नसतात आणि ते तयार होईपर्यंत मासा टाकायचा नसतो. अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन) न्या, किंवा मूठभर सोललेली कोळंबी जुन्या मोज्यात बांधून टाका (वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा). बाटलीतले जिवाणू घातले तर काम लवकर होतं. अमोनिया वर जातो, उतरतो. मग नायट्राइट वर जातो, तोही उतरतो, आणि नायट्रेट दिसू लागतो. संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टँक तयार. याला चार ते सहा आठवडे धरून चाला. मध्येच काचेवर आणि वाळूवर चॉकलेटी थर चढतो. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, आपोआप जातात, घाबरून औषध ओतू नका. सायकलसाठी दोन डॅमसेल (काटक, भांडखोर छोटे मासे) सोडा असा सल्ला दुकानात मिळेल. तो ऐकू नका. ते मासे हाल सोसून जगतात आणि मग टँकचे मालक होऊन बसतात. नंतर आलेल्या क्लाऊनला धड पोहू देत नाहीत.

उन्हाळा आणि वीज ही आपल्याकडची खास डोकेदुखी. मे महिन्यात मुंबईच्या खोलीत पाणी सहज तीसच्या वर जातं. पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी, आणि पावसाळ्यात जवळपास नाहीच. बजेट असेल तर चिलर, नसेल तर टँक घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. पंख्यामुळे दिवसाला लिटर-दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. भारनियमनासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. फिल्टर चार तास बंद राहिला तर टँक सावरतो, ऑक्सिजन मात्र थांबून चालत नाही.

घरी आणल्यावर: आधी वेगळं ठेवा

चाळीस लिटरचा साधा टँक, आत स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा एल्बो. वाळू नाही, दगड नाही. स्पंज सायकलच्या काळात मोठ्या टँकमध्येच ठेवला असेल तर त्यात जिवाणू आयते असतात. इथे नवे मासे महिनाभर राहतील.

पिशवी आणली की पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळेल. दुकानदाराकडून त्याच्या टँकचा खारेपणा आधी विचारून क्वारंटाइन टँक तेवढाच करून ठेवला असेल तर मासा लगेच सोडता येतो. पुष्कळ दुकानं खारेपणा मुद्दाम कमी ठेवतात. खारेपणा जुळत नसेल तर पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत ओता आणि नळीने टँकमधलं पाणी थेंब-थेंब सोडून अर्ध्या तासात जुळवा. लांबच्या प्रवासाने आलेल्या पिशवीत मात्र दीड-दोन तास ठिबक चालवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. काहीही असो, पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

क्लाऊनफिशचा हाडवैरी म्हणजे ब्रुकलिनेला. हा एकपेशीय परजीवी कल्ल्यांवर आणि कातडीवर बसतो. अंगातून शेंबडासारखा पांढरा चिकटा सुटतो, श्वास धापेसारखा होतो, मासा खाणं सोडतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. पांढऱ्या ठिपक्यांचा 'इच' मीठ भुरभुरल्यासारखे सुटे दाणे दाखवतो आणि त्याला तांब्याचं औषध लागू पडतं. ब्रुकलिनेलावर तांबं उपयोगी नाही. त्यावर फॉर्मेलिनचं अल्पकाळाचं स्नान देतात: वेगळ्या बादलीत, भरपूर हवा सोडून, प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. तांबं असो की फॉर्मेलिन, मुख्य टँकमध्ये कधीच घालायचं नाही. तांब्याने कोळंबी, गोगलगाई, ॲनिमोन सगळं मरतं, आणि दगडात ते मुरतं ते वेगळंच.

जोडी लावणं

सगळ्यात सोपा मार्ग: एकाच टँकमधून दोन तरुण मासे घ्या, एक अडीच-तीन सेंटिमीटरचा आणि दुसरा चार-साडेचारचा. दोघंही अजून मादी झालेले नाहीत. मोठा मादी होईल, लहान नर राहील. फरक डोळ्यांना लगेच दिसायला हवा. मोजपट्टी लावून कळणारा फरक कामाचा नाही. दोघांना क्वारंटाइनमध्ये एकत्रच ठेवलं तर बरेचदा तिथेच मामला मिटतो.

दुसरा मार्ग, तयार जोडी घेणं. महाग असते, पण दुकानदार खरं बोलत असेल तर वेळ वाचतो. खरं-खोटं तपासायला टँकसमोर दहा मिनिटं उभं राहा. दोघं एकाच कोपऱ्यात वावरतात का? लहान मासा मोठ्यापुढे अंग थरथरवतो का? आकारात फरक आहे का? एका टँकमधले कोणतेही दोन मासे म्हणजे जोडी नव्हे.

तिसरा प्रसंग सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात जास्त येणारा: घरात एकटा क्लाऊन वर्षभर राहतोय आणि आता त्याला जोडीदार आणायचाय. एकटा राहिलेला मोठा मासा मादी आहे असंच धरून चाला. त्याच्यासाठी आणायचा तो हॅचरीतला छोटा, त्याच्या निम्म्या आकाराचा. मोठा आणलात तर दोन राण्या एका घरात. छोट्याला थेट सोडू नका. आधी दगडांची मांडणी बदला, म्हणजे मादीच्या जुन्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातील. मग छोट्याला भोकं असलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात ठेवून तो डबा टँकमध्ये काचेला टांगा. आठवडाभर, लागलं तर दोन आठवडे. मादी सुरुवातीला डब्याला टकरा मारते. दिवस जातात तसा राग ओसरतो आणि ती डब्याजवळच झोपायला लागते. तेव्हा संध्याकाळी, दिवा मालवायच्या थोडं आधी आणि मादीला पोटभर खायला घालून, छोट्याला बाहेर काढा. आणि त्यापुढचा एक तास टीव्ही बंद.

आता जे दिसेल त्यातलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ओळखता येणं म्हणजेच जोडी लावणं. मादी छोट्याचा पाठलाग करते, त्याच्या कुशीला चोच मारल्यासारखं करते, कल्ल्याजवळ टोचते. छोटा तिच्यापुढे येऊन एका बाजूला कलतो आणि अंग झटके आल्यासारखं थरथरवतो. नवख्याला वाटतं मासा मरतोय. तसं नाही, तो फक्त "तूच मोठी" असं कबूल करतोय. हे थरथरणं दिसलं की समजायचं, काम होणार. पुढे ती त्याला जवळ राहू देते, मग दोघं एकाच जागी झोपतात. टँकजवळ शांतता असेल तर कट-कट असे आवाज ऐकू येतात. क्लाऊनफिश जबडा झटकन मिटून हा आवाज काढतात आणि घरातला क्रम सांगायला तो वापरतात. शेपटीला एखादी बारीक चीर पडली तर काळजी नको, आठवड्यात भरते.

वाईट खुणा वेगळ्या. दोघं तोंडात तोंड अडकवून गरगर फिरतात: कुणीच माघार घेत नाहीये, ताबडतोब वेगळे करा. लहान मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे चिकटून राहतो, पंख मिटलेले, खायला खाली येत नाही: तो हरलाय, पण समोरच्याला त्याचं हरणं पुरत नाहीये. डब्यात परत ठेवा, आठवड्याने पुन्हा पाहा. तीन वेळा असंच झालं तर ती जोडी लागणार नाही, हे मान्य करा आणि छोटा मासा बदला. काही माद्या एखाद्या नराला घेतच नाहीत, दुसऱ्याला मात्र त्याच दिवशी जवळ करतात.

"एक गट ठेवला तर?" हाही प्रश्न येतो. सहा पिल्लं एकत्र सोडली तर पहिले काही महिने सुरेख दिसतात. मग त्यातल्या दोघांची जोडी लागते आणि उरलेल्या चौघांवर संक्रांत येते. समुद्रात हाकललेला मासा निदान दुसरा ॲनिमोन शोधायला निघू शकतो, दोन फुटी काचेत जाणार कुठे? जोडी लागल्यावर उरलेले परत घ्यायला दुकानदार आधी कबूल असेल, तरच हा मार्ग. तसंच दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाऊन एका छोट्या टँकमध्ये नकोत. आणि एकदा जोडी जमली की तिसरा क्लाऊन कधीही आणू नका, पाहुणा म्हणूनसुद्धा नाही. सोबतीला फायरफिश, छोटी गोबी, क्लीनर श्रिंप चालतात.

ॲनिमोन हवाच का?

नाही. हॅचरीत जन्मलेल्या माशाने तो कधी पाहिलेलाही नसतो. ॲनिमोनला भरपूर प्रकाश लागतो आणि सहा महिने ते वर्षभर मुरलेला टँक लागतो. शिवाय जागा आवडली नाही तर तो चालत सुटतो, वेव्हमेकरच्या पात्यांत अडकून चिंध्या होतो आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवतो. पहिलं वर्ष त्याच्याशिवाय काढा. पुढे घ्यायचाच तर बबल टिप ही ॲनिमोनची जात त्यातल्या त्यात सोसणारी. ऑसेलॅरिस निसर्गात त्यात राहत नाही, पण टँकमध्ये बरेचदा स्वीकारतो. वेव्हमेकरला बारीक जाळी घाला. तोवर मासे आपलं घर स्वतः शोधतात: पंपाचा कोपरा, एखादा मऊ प्रवाळ, आडवी ठेवलेली मातीची कुंडी. कुंडी मी मुद्दाम ठेवायला सांगतो, पुढे अंडी घालायला तीच कामाला येते. रंगवलेली किंवा पॉलिश केलेली मात्र नको.

खाणं आणि रोजचं काम

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चांगल्या प्रतीचे बारीक दाणे हा मुख्य आहार, आठवड्यातून तीन-चारदा फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), मधूनच स्पिरुलिना असलेलं खाद्य. घरी कोळंबी किंवा करंदी आली की मीठ-हळद लावण्याआधी दोन बाजूला काढा, साध्या पाण्यात धुऊन फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तशी सुरीने किसल्यासारखी बारीक करून द्या. सुका जवळा देऊ नका. वाळवणात काय काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा जुन्याशी जुळवूनच. नायट्रेट वीसच्या खाली ठेवा. रोज सकाळी पाण्याची पातळी आणि तापमान बघा. दोघं खायला येतात का, हे बघणं तर सगळ्या टेस्ट किटांपेक्षा मोलाचं.

अंडी

हॅचरीचा ऑसेलॅरिस साधारण वर्ष-दीड वर्षाचा झाला की अंड्यांवर येतो, काही जोड्या जास्त वेळ घेतात. आधी आठवडाभर दोघं कुंडीची एक बाजू किंवा दगडाचा सपाट भाग तोंडाने घासायला लागतात, वाळू उपसतात आणि तुमच्या हाताला चावतात. मादीचं पोट भरलेलं दिसतं. दुपारनंतर किंवा संध्याकाळी अंडी पडतात: आधी मादी एक ओळ घालते, मागोमाग नर त्यावरून जातो, असं तास-दोन तास चालतं. नर आणि मादी नक्की ओळखायची संधी फक्त याच वेळी मिळते. मादीची अंडी घालायची नळी जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार.

पहिल्या खेपेला शंभरभर अंडी असतात, पुढे कित्येक शे. रंग नारिंगी. चौथ्या-पाचव्या दिवशी करडी होतात आणि आत रुपेरी डोळे चमकू लागतात. राखणीचं बरंचसं काम नराचं: पंखाने वारा घालतो, मेलेली पांढरी अंडी वेचून खातो. पहिल्या दोन-तीन खेपांना जोडी सगळीच अंडी खाऊन टाकते, त्यात बिघडलं काही नाही. दर दोन आठवड्यांनी नवी खेप येत राहते. या काळात खाणं तीन-चार वेळा द्या, दिवा रोज ठरलेल्या वेळी लावा आणि मालवा, कुंडी हलवू नका.

पिल्लं वाढवणं हा वेगळाच उद्योग आहे, हौसेपेक्षा शिस्तीचा. अंडी २६-२८ अंशांना सहा ते आठ दिवसांनी, दिवा मालवल्यावर तास-दोन तासांत फुटतात. ज्या रात्री फुटणार असं वाटतं त्या संध्याकाळी कुंडी त्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या टँकमध्ये न्या आणि अंड्यांवर एअर स्टोनचे बुडबुडे सोडा. बाप घालायचा तो वारा आता ते घालतील. या टँकच्या बाजू काळ्या कागदाने झाका आणि उजेड मंद ठेवा. पिल्लांचं पहिलं अन्न जिवंत रोटिफर (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव), आणि रोटिफरचं अन्न नॅनोक्लोरॉप्सिस हे हिरवं शैवाल. म्हणजे अंडी पडण्याच्या महिनाभर आधी ही दोन्ही पिकं घरात बाटल्यांतून चालू असली पाहिजेत. अंडी दिसल्यावर शोधाशोध सुरू केलीत तर ती खेप गेलीच समजा. पाण्यात मिलिलिटरमागे दहा-पंधरा रोटिफर राहतील असं बघा. आठवड्याभराने नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियावर आणा, पण हळूहळू मिसळत. आठव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान पिल्लं तळाकडे येतात, रंग चढतो, डोक्यामागचा पहिला पांढरा पट्टा उमटतो. इथवर आलेली बहुतेक वाचतात. अमोनिया रोज मोजा, थोडं थोडं पाणी रोज बदला. आणि पन्नास पिल्लं घेणारं गिऱ्हाईक आधी ठरवून ठेवा. कुणी घेत नाही म्हणून समुद्रात सोडून देऊ नका. हॅचरीतला मासा आणि त्याच्याबरोबरचे रोग तिथे जाता कामा नयेत.

जोडीतला एक गेला तर

नीट राखलेला क्लाऊनफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, वीस गाठलेलेही आहेत. त्यामुळे कधी ना कधी ही वेळ येते. नर गेला तर काम सोपं: छोटा, वयात न आलेला मासा आणा आणि वर सांगितलेली डब्याची सगळी पद्धत पुन्हा करा. मादी गेली तर घाई करू नका. उरलेल्या नराला आधी चार-सहा महिने एकटा राहू द्या. तो वाढेल, अंगाने भरेल, मादी होईल. "आमच्याकडे नर आहे, मादी द्या" म्हणून दुकानातून मोठी मादी आणणारे पुष्कळ असतात, आणि जुना मासा तोवर मादी व्हायला लागलेला असेल तर दोघांतला एक मरतो. म्हणून एकट्या उरलेल्या नरासाठीही आणायचा तो लहानच, आणि तोही हा जुना मासा नक्की मोठा दिसायला लागल्यावर.